बाईंना वास येत नाही

शाळेत बाई तशा बऱ्याच होत्या. गणिताच्या बाई, भूगोलाच्या बाई, गळ्यात शिट्टी अडकवून हिंडणाऱ्या खेळाच्या बाई. भाषेच्या बाईंना मात्र भाषेच्या बाई कुणीच म्हणत नसे. त्या नाकबाई. हे नाव कुठल्या पोरानं ठेवलं ते शोधण्यात अर्थ नव्हता, कारण ते पोर एव्हाना स्वतःच पोराबाळांचं धनी झालेलं असणार. नाव पाठीमागे घ्यायचं हा मुलांचा रिवाज, आणि ते आपल्या कानावर कधी आलंच नाही असं दाखवायचं हा बाईंचा.

नाव उगीच पडलं नव्हतं. बाईंचं नाक दिसायला चारचौघांसारखंच, जरा बसकंच म्हणा, पण कामाला जबरदस्त. वर्गात पुरतं पाऊल टाकायच्या आत त्या विचारत, "मागच्या बाकावर संत्रं कुणी सोललं?" एखाद्याच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणत, "काल आजोबांच्या कुशीत झोपलास ना? मलमाचा वास येतोय." शाळेच्या मागे लाकडाची वखार होती. करवतीखाली आज कुठलं लाकूड आलंय ते खिडकी उघडण्याआधीच त्यांना कळे. एकदा प्रयोगशाळेतली गॅसची नळी सैल झाली होती, ती बाईंनी खालच्या मजल्यावरून पकडली. तेव्हापासून हेडसरही त्यांच्या नाकाला जरा दबून असत.

या नाकाचं सोनं व्हायचं ते डब्यांच्या तासाला. वर्षातून काही आठवडे बाई घरून झाकणाचे पत्र्याचे डबे आणत. एकात चिरलेला कांदा, एकात पेन्सिलीची सालपटं, एकात ओलं फडकं, एकात कॉफी, एकात कुठल्याशा जुन्या पुस्तकाचं सुटलेलं पान. मुलांनी डोळे मिटून हुंगायचं आणि लिहायचं. नियम एकच. 'छान', 'सुंदर', 'मस्त' आणि 'खूप' या चौघांना वर्गात यायला बंदी. त्यांना बाहेर छत्र्यांच्या खुंटीला टांगून आत यायचं.

"फुलाचा वास छान होता असं लिहिलंत, तर मला काय कळलं?" बाई विचारत. "तुम्हाला फूल आवडलं एवढं कळलं. पण फूल कुठाय? मला फूल द्या ना!"

आणि कुणी 'घाण वास' लिहिलं की मग बघायला नको. "अरे, करपट आहे, कुबट आहे, खवट आहे, आंबूस आहे, ओशट आहे, कोंदट आहे. भाषेनं नाकाला एवढं वाढून ठेवलंय आणि तुम्ही नुसतं 'घाण' म्हणून ताटावरून उठता?" मुलं हसत. मग पुन्हा डब्यात नाक घालत. काही अडलं आणि कुणी बाईंच्या तोंडाकडे बघितलं, की उत्तर ठरलेलं असे, "मला विचारू नका. नाकाला विचारा."

बाईंचा नवरा छापखान्यात कामाला होता. दिवसभर शाई आणि रूळ पुसायचं रॉकेल यांत हात. संध्याकाळी तो जिन्याच्या खालच्या वळणावर पोचला की बाईंना वरच्या मजल्यावर समजे, आणि दार उघडायच्या आधीच त्यांचा आवाज बाहेर येई, "आधी शर्ट बाहेर!" त्यासाठी दाराबाहेर एक खुंटी मारलेली होती. तो बिचारा शर्ट तिथं अडकवायचा आणि गंजिफ्रॉकवर घरात शिरायचा.

"उद्या म्हणशील, नवराही बाहेरच टांग," तो म्हणे.

"खुंटी पेलणार नाही. नाहीतर टांगला असता."

अशी ती दोघं. मूलबाळ नव्हतं, भांडण मात्र रोजचं आणि ताजं. दोनेक वर्षांपूर्वी तो एका पहाटे झोपेतच गेला. ना आजार, ना दवाखाना, ना शेवटचा एखादा शब्द. आदल्या संध्याकाळचा त्याचा शर्ट दाराबाहेरच्या खुंटीला तसाच होता. येणारे-जाणारे त्या शर्टाला खांदा घासून आत येत होते, आणि बाईंना राहून राहून एवढंच वाटत होतं, की कुणी तो पाडू नये.

नणंद म्हणाली, "वहिनी, धुऊन देऊन टाका कुणालातरी." बाईंच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या, की नणंदेनं पुन्हा विषय काढला नाही. बाईंनी शर्ट एका पिशवीत घातला, पिशवीचं तोंड दोरीनं करकचून बांधलं आणि ती कपाटात ठेवली. फारच असह्य झालं की त्या दोरी सोडत, कॉलरमध्ये नाक खुपसत, एक खोल श्वास घेत आणि लगेच पुन्हा गाठ मारत. पुरवून पुरवून वापरायचं होतं. ज्या वासापायी माणसाला जन्मभर दाराबाहेर उभं केलं, त्याचीच आता चोरून काटकसर चालली होती. बाईंना हे कळत नव्हतं असं नाही. कळत होतं, म्हणून तर त्या शर्टाशी बोलायच्या, "हसू नकोस."

गेल्या हिवाळ्यात बाईंना ताप आला. आठवडाभर अंथरुणात काढल्यावर ताप उतरला, खोकला गेला, जिभेला थोडी चव आली. एका सकाळी त्या दूध तापत ठेवून पेपर वाचत बसल्या होत्या. शेजारीण दार बडवत आली. "अहो, काय जळतंय? जिन्यात धूर कोंडलाय!" बाईंनी मान वर केली तर स्वयंपाकघर पांढरं झालेलं. पातेलं काळंठिक्कर. आणि त्यांच्या नाकाला त्याचा पत्ताच नव्हता.

शेजारीण पातेल्यात पाणी ओतत राहिली आणि बाई कपाटाकडे धावल्या. दोरीची गाठ सुटेना, दातांनी ओढली. कॉलर नाकाशी दाबून श्वास घेतला. नुसती हवा आत आली. पुन्हा घेतला, तोंड मिटून, डोळे मिटून. हवाच. त्या तशाच जमिनीवर बसल्या आणि त्याच्या जाण्यानंतर इतक्या महिन्यांनी पहिल्यांदाच मोठ्यानं रडल्या. शेजारणीला वाटलं, बाई पातेल्यासाठी रडतायत. ती म्हणाली, "अहो, निघेल ते राखेनं."

डॉक्टरांनी टॉर्च मारून बघितलं आणि सांगितलं, कधी कधी तापानंतर असं होतं. येतं परत. कधी येतं? आलं तर येतं.

बाईंनी शाळेत कुणाला कळू दिलं नाही. सांगायचं तरी काय? नाकबाईचं नाक गेलं, तर उरली नुसती बाई. तशा तर शाळेत पुष्कळ होत्या. त्यातून एकदा कपाटात झुरळ दिसलं म्हणून त्यांनी शर्टाच्या पिशवीत मूठभर डांबरगोळ्या टाकल्या. धड नाक असतं, तर या बाईनं तो अपराध दुसऱ्या कुणालाही करू दिला नसता.

डब्यांचा तास जवळ आला. टाळावा असं त्यांच्या मनात आलं होतं, पण पोरांना मागच्या वर्गाकडून आधीच खबर लागलेली. "बाई, डबे कधी?" असा धोशाच लावला. शेवटी बाईंनी डब्यांना वेगवेगळ्या रंगांचे दोरे बांधले. लाल दोरा कांदा, निळा कॉफी, पिवळा साबण. वास येत नसला म्हणून काय झालं, इतक्या वर्षांत पाठ झालेत, असा त्यांचा हिशेब.

हिशेब निळ्या दोऱ्यापाशी चुकला. कॉफीचा डबा ताप यायच्या आधीचा होता, झाकण नीट लागलेलं नव्हतं आणि आत ओल शिरून बुरशी धरली होती. वरून कॉफी कॉफीसारखीच दिसत होती. बाईंनी झाकण उघडून वर्गासमोर डबा नाकाशी नेला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "अहाहा! कसा ताजा, खरपूस वास! हुंगा आणि लिहा."

डबा बाकांवरून फिरला. एकेका मुलाचं नाक आक्रसलं. मुलांनी एकमेकांकडे बघितलं, मग बाईंकडे बघितलं, आणि शहाण्या मुलांप्रमाणे खाली मान घालून लिहिलं, 'ताजा खरपूस वास'. सगळ्या वर्गानं तेच लिहिलं. एकीनं सोडून.

या मुलीचं प्रत्येक वाक्य 'पण'नं सुरू व्हायचं. "पण सर, पृथ्वी गोल आहे तर नकाशा चौकोनी का?" "पण बाई, मांजराला कसं कळतं आपण मांजर आहोत ते?" म्हणून मुलांनी तिचं नाव 'पणती' ठेवलं होतं. पण-म्हणणारी-ती, ती पणती. तिनं लिहिलं होतं, 'कुबट. ओल्या पोत्याखाली काहीतरी विसरून राहिल्यासारखा.' बाईंनी त्यावर लाल फुली मारली आणि पुढे लिहिलं, 'नीट हुंग.'

आता पणतीच ती. गप्प बसते की काय? दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिनं मैत्रिणींना हाताशी धरून बाईंच्या टेबलाच्या खणात आपल्या मोठ्या भावाचे खेळून आल्यावरचे मोजे ठेवले. बाईंनी खण उघडला, मोज्यांखालचा खडू काढला, मोजे कुणाचेतरी राहिले असतील म्हणून बाजूला सारले आणि तासभर तिथंच बसून शांतपणे विशेषणं शिकवली. पुढच्या बाकावरच्या मुलांनी रुमालानं नाकं झाकली होती. बाईंना वाटलं, सर्दीची साथ आहे.

त्यानंतरच्या तासाला बाईंनी नेहमीचा एक खेळ घेतला. फळ्यापाशी यायचं आणि या खोलीतल्या कुणाबद्दल किंवा कशाबद्दल तरी एक वाक्य लिहायचं. ऐकीव नको. स्वतः पाहिलेलं, ऐकलेलं, हात लावून बघितलेलं. एकानं लिहिलं, 'पंख्याच्या एका पात्याला खोकला झालाय.' दुसऱ्यानं लिहिलं, 'खिडकीजवळच्याच्या शर्टाची तीन नंबरची गुंडी दुसऱ्या शर्टाची आहे.' बाई खूश होत होत्या. मग पणती उठली. तिनं खडू घेतला आणि टपोऱ्या अक्षरात लिहिलं,

'बाईंना वास येत नाही.'

बाईंना आपल्या कानांत रक्त चढल्याचं जाणवलं. आणि नेमके त्याच वेळी, सगळ्या गोष्टींत नेमके येतात तसे, हेडसर दारावरून चालले होते. ते थांबले. फळा वाचला. पुन्हा वाचला.

"हा काय प्रकार आहे?" हेडसर कडाडले. "बाईंना वास येतो की नाही येत, याची चर्चा करता तुम्ही वर्गात? आपल्या बाईंबद्दल असं लिहितात? कुणी लिहिलं?"

पणतीनं हात वर केला. "मी. पण सर—"

"पण नाही न् बिण नाही! माझ्या खोलीत चल. उद्या आईला घेऊन यायचं."

बाईंच्या क्षणभरात लक्षात आलं की हेडसरांनी वाक्य उलटं वाचलंय. मोज्यांना वास येतो, नासक्या दुधाला वास येतो, त्या चालीवर बाईंना वास येतो की नाही, असं. आपल्या भाषेची ही जुनी खोड. ज्याला येतो त्यालाही वास येतो, आणि ज्याचा येतो त्यालाही येतोच. भाषेनं बाईंना पळायला अशी आयती वाट काढून दिली होती. गप्प राहिलं की झालं. पोरीला थोडी बोलणी बसतील, फळा पुसला जाईल, प्रकरण मिटेल, नाकबाई नाकबाईच राहतील.

आणि बाई गप्प राहिल्या. हे सांगायला मला आवडत नाही, पण राहिल्या खऱ्या. पणती हेडसरांच्या मागून निघाली. दारात तिनं वळून बघितलं. रागानं नाही. एखादं गणित बरोबर सोडवूनही गुण कापले गेले तर मूल ज्या तोंडानं बघतं, तसं.

बाई फळा पुसायला वळल्या. हात वर गेला आणि तिथंच राहिला. ते वाक्य काय वाईट होतं? ना 'छान', ना 'खूप'. स्वतः बघून, शंका आली तर तपासून, मग लिहिलेलं. वर्षभर ज्यासाठी घसा फोडला ते एका पोरीनं अखेर करून दाखवलं, आणि तिला शिक्षा होत होती. बाकीच्यांनी बाईंच्या तोंडाकडे बघून 'ताजा खरपूस' लिहिलं होतं, त्यांना मात्र शाबासकी मिळाली होती, तीही बाईंच्याच हातची. नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात. बाईंचं नाक बंद झाल्याला महिने लोटले होते, तोंड त्या दिवशी उघडलं.

त्या डस्टर हातात घेऊन तशाच हेडसरांच्या खोलीत गेल्या.

"सर, हिनं वाक्य बरोबर लिहिलंय. तुम्ही चूक वाचलंत."

"बाई, तुम्ही तिला पाठीशी घालू नका. तुमचा कधी कुणाला वास आलाय? मी स्वतः इतकी वर्षं—"

"अहो सर, माझा नाही! मला!"

"तुम्हाला?"

"मला वास येत नाही. या नाकाला. तापानंतर गेला तो गेला. माझा येत नाही ते वेगळं, आणि मला येत नाही ते वेगळं."

हेडसरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मनात दोन्ही अर्थ लावून पाहत असावेत. मग एकदम त्यांचा चेहरा उतरला. माणूस तसा वाईट नव्हता, नुसता घाईत वाचणारा होता. "अरेरे," ते म्हणाले. "बसा बाई. बोलला नाहीत आम्हाला." थोडं थांबून ते म्हणाले, "मग तो तुमचा डब्यांचा तास... दुसऱ्या कुणाला द्यायचा का? तुम्हाला त्रास नको."

याचीच भीती होती. बाई काही बोलणार तोच कोपऱ्यातून आवाज आला, "पण सर, दुसऱ्या बाईंना तर येतो वास. मग त्यांना आम्ही कशाला लिहून सांगायचं?"

हेडसर हसायला लागले. बाई हसल्या नाहीत. त्या पोरीकडे बघत राहिल्या.

वर्गात परतल्यावर बाईंनी सगळं सांगून टाकलं. ताप, पातेलं, दोऱ्यांची लबाडी, सगळं. शर्टाचं तेवढं सांगितलं नाही. मग पणतीनं विचारलंच, "पण बाई, मग कॉफी ताजी आहे असं कसं म्हणालात?"

"आठवणीवरून म्हणाले."

"पण आठवण शिळी होती."

"हो," बाई म्हणाल्या. "शिळी होती. आणि तुझ्यावरची फुली माझी चूक होती." त्यांनी फळ्यावरचं वाक्य पुसलं नाही. "आजपर्यंत तुम्ही अशा बाईंसाठी लिहीत होतात, ज्यांना डब्यात काय आहे ते आधीच माहीत असायचं. उत्तर जुळलं की शाबासकी. आता मला काहीच माहीत नाही. पुस्तक वाचणाऱ्यालाही माहीत नसतं. तो त्या खोलीत नसतो, त्याच्या नाकाशी डबा नसतो. त्याच्याजवळ तुमच्या शब्दांशिवाय काही नाही. आता माझ्याजवळही नाही. डबे तुम्ही आणायचे. मला वास आणून द्यायचा."

सुरुवातीला बाईंच्या नाकी नऊ आले. एकानं लिहिलं, 'वास लाल होता.' "लाल म्हणजे कसा? गरम? तिखट? की नुसता शाईचा रंग आवडला?" तो गडी दोन दिवस डोकं खाजवत बसला. एकीनं लिंबाबद्दल लिहिलं, 'नाकाच्या आधी दातांना कळतो.' बाईंनी ते वाचलं आणि खरोखर त्यांचे दात आंबले. त्यांनी त्या मुलीला चक्क कडेवर उचललं, चांगली थोराड होती तरी. वखारीच्या भुशावर एकानं लिहिलं, 'पेन्सिल सोलल्याचा वास, पण पेन्सिल हत्तीएवढी.' कुणी वासाला आवाज लावला, कुणी वजन. नव्या पुस्तकाच्या पानाला एकानं 'गार आणि धारेचा' म्हटलं. सगळं काही जमत नव्हतं, पण अधूनमधून एखादं वाक्य असं येई, की बाई वाचता वाचता नकळत श्वास आत ओढत. हाती काही लागत नसे. तरी ओढत.

आणि तसं झालं की दर वेळी त्यांना कपाटातली पिशवी आठवे.

कितीतरी दिवस त्यांनी ते टाळलं. पिशवी उघडायची तर उरलासुरला वास उडून जाईल ही एक भीती. त्याहून मोठी भीती, की त्यात काही उरलेलंच नसेल आणि ते पोरांच्या तोंडून ऐकावं लागेल. बंद पिशवीत निदान आशा तरी होती. पण आपल्याला कधीच कळणार नाही असा वास जपून तरी काय करायचं? एका सकाळी चपला घालता घालता त्या परत फिरल्या, कपाट उघडलं आणि पिशवी काखोटीला मारली.

"आज डबा माझ्याकडून," त्या वर्गात म्हणाल्या. आवाज नेहमीचाच ठेवायचा प्रयत्न होता. "कुणाचा, काय, काही विचारायचं नाही."

पुरुषाचा शर्ट, बाहीवर शाईचे डाग, आणि गाठ सोडायला बाईंना लागलेला वेळ. मुलं काही दुधखुळी नव्हती. सगळ्यांना कळलं. एकेकजण येऊन हळूच हुंगून जागेवर गेला. एरवी ढकलाढकली करणारी पोरं रांगेत उभी राहिली होती.

मग एकेकानं वाचून दाखवलं. 'मंद सुवास दरवळत होता.' 'प्रेमळ वास होता.' 'जणू आकाशातून कुणीतरी आशीर्वाद देत होतं.' पंख्याच्या खोकल्यावर लिहिणारा तो पोरगा, त्यानंही 'सुंदर' लिहिलं होतं. खुंटीवर टांगलेले चौघेही शब्द परत वर्गात येऊन बसले होते. बाई प्रत्येकाला मान हलवून दाद देत होत्या. पोरांना त्यांची दया आली होती, आणि दयेपोटी ती पुन्हा ताजा खरपूस लिहीत होती. म्हणजे संपलं, बाईंना वाटलं. काही उरलेलं नाही, आणि हे मला सांगवत नाहीये त्यांना.

पणती अजून शर्टापाशीच होती. तिनं कॉलर हुंगली, बाही हुंगली, उलटी करून काख हुंगली, मग खिसा उघडून त्यात आख्खं नाक घातलं. शेवटी जागेवर जाऊन लिहिलं आणि उठून उभी राहिली.

"पण बाई, खरं वाचू?"

"खरंच वाच."

पणतीनं वाचलं. "'पहिल्यांदा डांबरगोळी. ती शर्टाची नाही, कपाटाची आहे. ती नाकातून जाईपर्यंत थांबावं लागतं. मग बाहीला रॉकेल. जुनं रॉकेल, दिवा विझवून माणूस दुसऱ्या खोलीत गेल्यासारखं. कॉलरला त्या माणसाचा वास नाही. कॉलरला बाईंच्या पावडरचा वास आहे.'"

बाईंनी टेबलाची कड धरली. इतक्या वेळा नाक खुपसून खुपसून त्यांनी त्याचा वास संपवला होता आणि आपला ठेवला होता. हे त्यांना कुणीही सांगितलं नसतं.

"'खिशात लवंग,'" पणती पुढे वाचत होती. "'लवंग वर आहे. खाली सिगारेट आहे. सिगारेट लपवलेली आहे.'"

"काय?" बाई म्हणाल्या.

"सिगारेट."

"नाही गं. सोडली होती त्यांनी. कितीतरी वर्षं झाली. लवंग दातासाठी होती. दाढ दुखायची."

पणतीनं मान हलवली. चेहऱ्यावर दया अजिबात नव्हती. "पण बाई, माझे बाबापण आईला दाढच सांगतात."

बाईंचं तोंड उघडंच राहिलं. वखारीतलं लाकूड भिंतीपलीकडून ओळखणारं, गॅस मजल्याखालून पकडणारं ते नाक! आणि जिन्याच्या वळणापासून ते नाक ज्याची वाट बघायचं, तो माणूस रॉकेलाआड लवंग आणि लवंगेआड सिगारेट लपवून रोज त्याच्या समोरून घरात शिरत होता. वर, आधी शर्ट बाहेर! शर्ट बाहेर काढायला लावून बाईंनीच पुरावा रोज दाराबाहेर ठेवला होता.

त्या आधी हसल्या. मोठ्यानं, पदर तोंडाला लावायचंही भान न राहता. हसता हसता डोळे वाहायला लागले, आणि मग त्यातलं हसणं कुठलं आणि रडणं कुठलं ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मुलं घाबरली. पणती कागद धरून तशीच उभी होती.

"चुकलं का बाई?"

"नाही," बाई नाक पुसत म्हणाल्या. "तोच आहे. अगदी तोच आहे मेला."

संध्याकाळी त्या घरी आल्या, तेव्हा जिन्यात अजून उजेड होता. वर येऊन त्यांनी पिशवीतून शर्ट काढला, डांबरगोळ्या झटकून टाकल्या आणि दाराबाहेरच्या खुंटीला तो पूर्वीसारखा अडकवला. पिशवी घडी करून ठेवून दिली. वाऱ्यावर शर्ट राहिला तर आहे तोही वास चार दिवसांत जाईल, हे त्यांना ठाऊक होतं. जाऊ दे. तो लिहून ठेवलेला होता.

त्या कमरेवर हात ठेवून शर्टासमोर उभ्या राहिल्या. सिगारेट नसती ओढली तर आज असता का, हा प्रश्न जिना चढताना मनात येऊन गेला होता. त्याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. पण दोन वर्षांत पहिल्यांदाच त्याच्याशी भांडायला काहीतरी नवं मिळालं होतं.

"दाढ दुखते म्हणे!" बाई म्हणाल्या. "माझ्या नाकाला फसवलंस? माझ्या? राहा आता बाहेरच."

शेजारणीनं दार किलकिलं करून बघितलं आणि परत लावून घेतलं. बाई बराच वेळ बोलत होत्या. मग दमल्या, आत गेल्या आणि दार लोटलं. कडी मात्र लावली नाही.